कोड-इंडेक्सरची एफएक्यू अपडेट करताय? या चुका टाळा

ओपनग्रोकसारख्या ओपन सोर्स कोड-इंडेक्सरची (मोठ्या कोडमध्ये शोधता यावं म्हणून त्याची सूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची) एफएक्यू, म्हणजे नेहमीच्या प्रश्नांच्या उत्तरांचं पान, बहुतेक एकाच तऱ्हेने जुनी होते. उत्तर लिहिलं तेव्हा बरोबर असतं, मग खालचं सॉफ्टवेअर पुढे सरकतं आणि उत्तर तिथेच राहतं. ओपनग्रोक एकट्याने फारसं काही करत नाही. शोधाचं काम ल्युसीन ही सर्च लायब्ररी करते, डेफिनिशन (एखादं फंक्शन किंवा व्हेरिएबल कुठे ठरवलंय ते) युनिव्हर्सल सीटॅग्ज देतं, वेब ॲप टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालतं आणि बदलांचा इतिहास गिट किंवा मर्क्युरियल या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनांकडून येतो. यातलं एक जरी बदललं तरी दोन-चार उत्तरं शिळी होतात. त्यामुळे भाषा सुधारत बसण्याआधी प्रत्येक उत्तर कोऱ्या मशीनवर किंवा नव्या कंटेनरमध्ये चालवून बघा. आपल्या रोजच्या मशीनवर ते चालणारच, तिथे सगळं आधीच बसवलेलं असतं.

आवृत्तीशिवाय उत्तर

‘टॉमकॅट टाका आणि वॉर फाइल वेबॲप्स फोल्डरमध्ये ठेवा.’ (वॉर फाइल म्हणजे जावा वेब ॲपचं एकत्र बांधलेलं पॅकेज.) हे वाक्य कधीकाळी पुरेसं होतं. २०२० च्या जकार्ता ईई ९ या जावाच्या मानकात सर्व्हलेटची (जावा वेब ॲपच्या मूळ घटकांची) पॅकेजेस जुनं ‘जावाएक्स’ नाव सोडून ‘जकार्ता’ नावाखाली गेली आणि टॉमकॅट १० ने तेच स्वीकारलं. ओपनग्रोकच्या नव्या आवृत्त्यांना टॉमकॅट १० किंवा पुढचं लागतं. टॉमकॅट ९ वर तीच वॉर फाइल ठेवली तर ॲप उभंच राहत नाही, आणि खरं कारण टॉमकॅटच्या लॉगमध्ये दडलेलं असतं. वाचणारा मात्र ब्राउझरकडे बघत बसतो.

सीटॅग्जचं तर विचारूच नका. त्याच नावाची कमांड एक्झ्युबरंट सीटॅग्ज देतं, युनिव्हर्सल सीटॅग्ज देतं, ईमॅक्स एडिटरसोबत एक येते आणि मॅकवर बीएसडीची आणखी एक असते. एक्झ्युबरंटचं काम २००९ च्या ५.८ आवृत्तीनंतर थांबलं. ओपनग्रोकला आज युनिव्हर्सलच लागतं. डेबियन-उबुंटूवर दोघांची पॅकेजेस वेगळी आहेत, म्हणून नुसतं ‘सीटॅग्ज इन्स्टॉल करा’ असं लिहून भागत नाही. उत्तराची सुरुवात तपासणीने करा: कमांडला आवृत्ती विचारा, पहिल्याच ओळीत ‘युनिव्हर्सल’ दिसलं पाहिजे. मॅकच्या कमांडला तो पर्यायच कळत नाही, ती उलट तक्रार करते. हेही लिहा, कारण लोक नेमके तिथेच अडकतात.

‘हीप वाढवा’

मेमरीच्या प्रश्नाला हे ठरलेलं उत्तर. हीप म्हणजे जावा प्रोसेसला वापरायला दिलेली मेमरी. पण कुणाची हीप? इंडेक्सर ही एक जावा प्रोसेस आणि टॉमकॅट ही दुसरी. दोघांची हीप वेगळी, सेटिंगची जागाही वेगळी. रात्री इंडेक्सिंग मेमरी संपून कोसळतं, सकाळी माणूस एफएक्यू वाचून टॉमकॅटची हीप दुप्पट करतो आणि रात्री तेच पुन्हा होतं. उत्तरात पहिला प्रश्न ‘कुठल्या लॉगमध्ये एरर दिसली?’ हा हवा आणि तिथून दोन फाटे फुटावेत. फाइल फार उघड्या राहिल्याची एररही काही जण याच उत्तराखाली ढकलतात. तिचा हीपशी संबंध नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा आहे आणि तिला स्वतंत्र प्रश्न हवा.

‘डेटा उडवा, पुन्हा इंडेक्स करा’

हा सगळ्यांचा आवडता रामबाण, आणि एका ठिकाणी तो खरंच लागतो. ल्युसीन फक्त आपल्या आधीच्या एका मेजर आवृत्तीपर्यंतचा इंडेक्स वाचतं, त्यामुळे मोठी उडी मारली की नव्याने इंडेक्स करण्यावाचून गत्यंतर नसतं. पण एखादं रिपॉझिटरी (कोडचा साठा) दिसत नाही म्हणून सगळं उडवायला सांगणं म्हणजे इतिहासाची कॅशही (आधीच तयार करून ठेवलेला साठाही) घालवणं, आणि मोठ्या कोडबेसवर तीच पुन्हा तयार व्हायला सर्वात जास्त वेळ खाते.

शिवाय कुठला फोल्डर उडवायचा ते स्पष्ट लिहा. सोर्स रूट म्हणजे तुमचा कोड, डेटा रूट म्हणजे इंडेक्सरने तयार केलेला माल. उडवायचा तो फक्त दुसरा. ‘जुना फोल्डर डिलीट करा’ असं मोघम वाक्य एफएक्यूत दिसलं तर ते आधी दुरुस्त करा, बाकीचं नंतर.

परवानग्यांच्या उत्तरात ‘सगळ्यांना सगळं, ७७७’ लिहिलेलं असेल तर काढून टाका. इंडेक्सर एका युजरखाली आणि टॉमकॅट दुसऱ्याखाली चालतो, तेव्हा मालकी आणि ग्रुप नीट लावणं हाच उपाय. डेबियनच्या टॉमकॅट पॅकेजमध्ये तर सिस्टिमडीचं (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेचं) कुंपणही असतं. फोल्डर सर्वांना खुला केला तरी सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये तो लिहिण्याजोगा म्हणून नोंदवल्याशिवाय टॉमकॅटला तिथे लिहिता येत नाही.

मथळे आणि लिंक

मथळा कारणाच्या नव्हे, लक्षणाच्या भाषेत असू द्या. ‘सीटॅग्ज कॉन्फिगरेशन’ असं कुणी शोधत नाही. ‘मजकूर सापडतो, पण डेफिनिशन सापडत नाही’ असं शोधतात. एरर मेसेज लॉगमधून जसाच्या तसा चिकटवा, व्याकरण चुकलं असलं तरी.

गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) मथळ्याच्या शब्दांवरून लिंक तयार होते. मथळा बदलला की जुन्या इश्यूंमधल्या (नोंदवलेल्या तक्रारींमधल्या) उत्तरांतल्या लिंक पानाच्या वरच्या टोकाला नेऊन सोडतात. जुना अँकर (लिंक जिथे पोचते ती खूण) हाताने लिहून ठेवा.

एफएक्यू गिटहबच्या विकीवर असेल तर तिथे पुल रिक्वेस्ट (बदल तपासणीसाठी मांडण्याची सोय) करता येत नाही, म्हणजे कोडसोबत तिचा रिव्ह्यूही होत नाही. शक्य असेल तर ती मुख्य रिपॉझिटरीत हलवा, आणि टॉमकॅटची किंवा जावाची अट बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच उत्तराची दुरुस्तीही मागा. ‘डॉक्स नंतर’ म्हणून उघडलेला इश्यू पुढच्या रिलीजलाही उघडाच असतो.