फाईल-लॉकिंग सुरू करण्यापूर्वीची तयारी

परसोडीच्या आयटी पार्कमधील आपल्या टीमसाठी पुढील स्प्रिंटपासून (कामाच्या पुढच्या टप्प्यापासून) गिट एलएफएसचे, म्हणजे फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला मोठ्या फाईलींसाठी दिलेल्या जोडणीचे, लॉकिंग (एका वेळी एकालाच फाईल बदलू देण्याची सोय) सुरू करायचे असल्याने पुढील कामे आधीच उरकून घ्यावीत.

सर्वप्रथम लॉक कशाला लावायचे ते ठरवावे. ज्यांत दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत अशा फोटोशॉपच्या, थ्रीडी मॉडेलच्या आणि ऑडिओच्या फाईलींपुरतेच ते असावे. सोर्स कोडलाही लॉक हवे असा आग्रह कोणीतरी धरेलच. तो मानू नये. निवडलेले प्रकार गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंग्जच्या फाईलीत ‘लॉकेबल’ म्हणून नोंदवावेत, म्हणजे लॉक न घेतलेली फाईल रीड-ओन्ली राहील आणि दुपारभर खपल्यावर ती दुसऱ्याकडे असल्याचे कळण्याची वेळ येणार नाही. ही सोय २०१७ च्या २.० आवृत्तीपासून आहे, तेव्हा प्रत्येक मशीनवरील आवृत्ती पाहून घ्यावी. आपला सर्व्हर लॉकिंग चालवतो का, हेही तपासावे.

सर्वाधिक वेळ अनलॉकच्या क्रमावर द्यावा. सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या प्रणालीत कमिट (बदलांची पक्की नोंद) थेट सर्व्हरवर जाते आणि त्यासोबत लॉकही सुटते, त्यामुळे तिथून आलेल्यांच्या हाताला तीच सवय असते. गिटमधील कमिट मात्र आपल्याच मशीनवर राहते. बदल कमिट केलेला नसेल तर एलएफएस अनलॉक नाकारते, पण कमिट होऊन पुश (ते सर्व्हरवर पाठवणे) राहिले असेल तर अडवत नाही. मग, उदाहरणार्थ, बॅनरची फाईल मोकळी दिसते, सहकारी जुन्याच प्रतीवर लॉक घेतो आणि पहिल्याचे पुश त्या लॉकवर अडते. शेवटी एकाची मेहनत वाया जाते. म्हणून पुल (सर्व्हरवरची ताजी प्रत घेणे), लॉक, बदल, कमिट, पुश आणि मगच अनलॉक, हा क्रम सर्वांकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्यावा. पुल आधी, कारण आपली प्रत शिळी आहे म्हणून एलएफएस लॉक नाकारत नाही, सबव्हर्जन नाकारते.

लॉक सर्व्हरवर नोंदले जात असल्याने ते घेताना नेट लागते, हे घरून काम करणाऱ्यांना सांगून ठेवावे.

रजेचा प्रश्न शेवटचा, पण भांडणे त्यावरूनच होतात. पोळ्याला गावी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, फोन उचलेलच असे नाही. जबरदस्तीने अनलॉक करण्याचा अधिकार दोघांकडेच असावा, आणि तो वापरण्यापूर्वी लॉकधारकाला निरोप धाडून, त्याचे पुश न झालेले काम आहे का याची शक्य तितकी चौकशी करावी. रजेवर निघण्यापूर्वी लॉकची यादी पाहून आपल्या नावावरील फाईली मोकळ्या करणे प्रत्येकावर बंधनकारक राहील.