कधी सुरू होते, कधी होत नाही : जुन्या पिकअपचा दोष शोधण्याआधीची तयारी

कायमची बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते, कारण दोष समोर हजर असतो. पहाटे तीन वाजता मेथी-कोथिंबीर भरून उभी असताना सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) न घेणारी आणि दुपारी गॅरेजमध्ये नेल्यावर पहिल्याच चावीला सुरू होणारी पिकअप मात्र भल्याभल्या मेस्त्रींना चकवते. अशा गाडीत अंदाजाने आधी बॅटरी, मग सेल्फ, मग चावीचा स्विच असे एकामागून एक भाग बदलले जातात. प्रत्येक उघडझाकीत एखादी सैल तार हलून गाडी आठवडाभर बरी चालते, त्यामुळे बदललेला भागच खराब होता असा समज होतो आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. म्हणून सगळी तयारी गाडी सुरळीत असताना करून ठेवावी आणि तपासणी दोष हजर असताना, काहीही हलवण्यापूर्वी करावी.

पुढील सूचना देशभर बीएस-४ हे वाहनांच्या धुराचे निकष लागू होण्याआधीच्या, म्हणजे २०१७ पूर्वीच्या, यांत्रिक डिझेल पंप असलेल्या पिकअपला धरून आहेत. महिंद्राची २५२३ सीसी डीआय इंजिनाची बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ डीआय ही त्यांची नेहमी दिसणारी उदाहरणे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे डिझेलची फवारणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होणाऱ्या इंजिनात, सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांचीही भर पडते, तो विषय येथे घेतलेला नाही.

पहिली तयारी म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन कायम ठेवणे. गाडी अडली की वेळ, हवा थंड की उष्ण, पाऊस होता का, इंजिन रात्रभर थंड होते की घाट चढून आल्यावर दहा मिनिटे बंद केलेले होते, टाकीत डिझेल किती होते आणि शेवटी गाडी कशाने सुरू झाली, एवढे त्याच वेळी लिहावे. सर्वांत महत्त्वाची नोंद आवाजाची असते. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, एकच ठळक ‘टक’, सलग ‘कट-कट-कट’, सेल्फ एकटाच गरगर फिरतो पण इंजिन हलत नाही, आणि इंजिन फिरते पण पेट घेत नाही, या पाच तक्रारी वेगवेगळ्या आहेत व त्यांची कारणेही वेगवेगळ्या जागी आहेत. चालकाने मालकाला आणि मालकाने मेस्त्रीला ‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढेच सांगितले, तर अर्धी माहिती तिथेच सांडते. चालक वेगळा असेल तर हे पाच आवाज त्याला समजावून सांगावेत. त्याच क्षणी डॅशबोर्डवरचे दिवे कसे होते, मंद झाले, पूर्ण विझले की तसेच राहिले, हेही लिहायला सांगावे.

गाडीत ठेवायचे सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा छोटा बल्ब, १० ते १७ नंबरचे पाने, पॉलिश पेपर, टर्मिनल घासायचा तारेचा ब्रश, थोडी पेट्रोलियम जेली, हेडटॉर्च आणि चाकाला लावायला लाकडी ओंडका एवढे पुरते. मल्टिमीटरने या कामात फक्त व्होल्टेज मोजायचे असते. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो आणि मीटरची मर्यादा बहुधा दहा अँपिअरची असते, त्यामुळे मीटर अँपिअरवर लावून सेल्फच्या मार्गात घालू नये.

हात लावण्यापूर्वी गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकाला ओंडका लावून उभी करावी. हातातले कडे व अंगठी काढून ठेवावी, बॅटरीजवळ विडी-सिगारेट पेटवू नये, आणि बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढून जोडताना ती शेवटी जोडावी. गाडीखाली झोपून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना आडवा टाकण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते, ती टाळलेली बरी. ज्या गाडीत इंजिन ओढकेबलने (डिझेल तोडण्यासाठी हाताने ओढायच्या केबलने) बंद होते, ती चावी बंद असतानाही अशाने सुरू होऊ शकते, आणि चुकून गिअरमध्ये राहिली असेल तर थेट अंगावर येते.

तपासणी बॅटरीपासून सुरू करावी. गाडी काही तास उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि ११.९ च्या खाली ती रिकामीच समजावी. सेल्फ फिरत असताना हा आकडा साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता पाहावी. भरलेल्या बॅटरीत ती १.२६ ते १.२८ असते, आणि पाच कप्पे सारखे असून एकच बराच खाली असेल तर चार्जिंग करून उपयोग नाही, कारण तो कप्पा मेलेला असतो.

बॅटरी चांगली निघाली तर पुढची शंका जाड केबलवर घ्यावी, आणि येथे थोडा वेळ द्यावा, कारण अधूनमधून येणाऱ्या दोषांपैकी पुष्कळ येथेच दडलेले असतात. केबलच्या थिंबलमध्ये (टोकाला बोल्टावर बसणाऱ्या धातूच्या कडीत) गंज शिरला किंवा आतल्या बहुतेक तारा तुटून चार-दोनच उरल्या, तरी मीटर निवांतपणे १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला लागणारा प्रवाह नगण्य असतो. त्याच सांध्याचा विद्युतरोध फक्त ०.०१ ओहम असला, तर २०० अँपिअर प्रवाहाला तिथे दोन व्होल्ट गळतात आणि सेल्फला ते कमी मिळतात. इतका लहान रोध साध्या मीटरच्या ओहमच्या पट्टीवर दिसत नाही. तो पकडायचा तर प्रवाह वाहत असताना सांध्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे लागते. त्यासाठी इंजिन पेटू नये म्हणून ओढकेबल ओढून धरावी किंवा पंपावरील सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) तार काढावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून दुसऱ्या माणसाला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर दोष त्या मार्गात आहे, आणि टोक एकेक सांधा पुढे सरकवत गेले की नेमकी जागा सापडते. मग तीच कृती निगेटिव्ह खुंटी आणि सेल्फचे अंग यांच्यात करावी. तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर जाऊ नये.

निगेटिव्ह बाजूकडे बहुतेकांचे लक्ष नसते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला चासीशी जोडणारी विणलेल्या तारेची अर्थिंग पट्टी लागते. ती चिखलपाण्याने सडली की सेल्फचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, आणि कधी कधी अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते. सेल्फ मारल्यावर ती केबल तापत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी ही पट्टी बदलावी. किंमत किरकोळ असते आणि बोल्टाखालची जागा रंग व गंज खरवडून धातू चकाकेपर्यंत घासली तरच ती उपयोगी पडते.

‘काहीच आवाज नाही’ किंवा ‘एकच टक’ या तक्रारींसाठी एक युक्ती आधीच करून ठेवण्यासारखी आहे. सेल्फच्या सोलेनॉइडवर (मोटरला प्रवाह जोडणाऱ्या विजेच्या स्विचवर) चावीकडून येणारी जी बारीक तार असते, तिथून फ्यूज घालून एक वेगळी तार केबिनमध्ये आणावी, तिला छोटा बल्ब लावावा आणि बल्बचे दुसरे टोक चांगल्या अर्थला जोडावे. गाडी अडेल त्या वेळी चावी धरून फक्त बल्बकडे पाहायचे. बल्ब लख्ख पेटला आणि सेल्फ हलला नाही, तर चावी, रिले आणि वायरिंग निर्दोष ठरतात व शोध सेल्फ आणि जाड केबलपुरता उरतो. बल्ब पेटलाच नाही किंवा मिणमिणला, तर सेल्फ उतरवण्याचे कारण नाही. मग चावीमागचा स्विच, रिलेचे पाय, फ्यूज आणि कनेक्टर तपासावेत. रात्री-बेरात्री, मदतीला कोणी नसताना, हा एक बल्ब निम्मे काम करतो, आणि माझ्या मते मल्टिमीटर नसला तरी चालेल, पण हा असावा.

सोलेनॉइडच्या आत तांब्याची एक चकती दोन जाड संपर्कांवर जाऊन आपटते आणि मोटर चालू होते. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी चकतीला खड्डे पडले की ती कधी चांगल्या जागी टेकते, कधी जळक्या जागी, म्हणून ‘टक’ आवाज येतो पण मोटर फिरत नाही. सेल्फचे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) झिजले असतील तर सेल्फच्या अंगावर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर तो एकदा फिरतो. हे ठोकणे निदानासाठी ठीक आहे, पण तेवढ्यावर भागवून गाडी लांबच्या भाड्याला नेऊ नये. गरम इंजिनालाच सेल्फ घेत नसेल तर सोलेनॉइडच्या गुंडाळ्यांचा विचार करावा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेल्या गुंडाळीचा रोध जवळपास पाव पट जास्त होतो, आणि आधीच व्होल्टेज कमी पोचत असेल तर ती चकती ओढण्याचे बळ राहत नाही.

सेल्फ गरगर फिरून इंजिन हलत नसेल तर बेंडिक्स (सेल्फचे दात इंजिनाच्या रिंगमध्ये अडकवणारा भाग) किंवा फ्लायव्हीलची दातेरी रिंग तपासायला सांगावी. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन ठिकाणीच थांबते, म्हणून रिंगचे दातही तिथेच झिजतात. अशा वेळी चावी बंद करून गाडी वरच्या गिअरमध्ये घालून हातभर पुढे ढकलली आणि मग न्यूट्रलला आणून सेल्फ लगेच पकडला, तर रिंगवरचा संशय बळावतो.

इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, ही तक्रार विजेची नसून बहुधा डिझेलची असते. चावी चालू केल्यावर पंपावरील सोलेनॉइडचा बारीक ‘टिक’ आवाज येतो का, हे शांत जागी ऐकून ठेवावे, म्हणजे गोंगाटातही फरक कळतो. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास होत असेल आणि फिल्टरवरील हातपंप कडक होईपर्यंत दाबल्यावर गाडी लगेच सुरू होत असेल, तर लाइन हवा धरत आहे आणि डिझेल मागे टाकीकडे उतरत आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक डिझेल-नळी बसवली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : चिरलेली रबरी नळी, सैल क्लिप, बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुने तांब्याचे वॉशर आणि फिल्टरच्या तळाचा ड्रेन प्लग. आत येणारी हवा बाहेर डिझेल सांडत नाही, म्हणून ‘गळती कुठेच नाही’ हे उत्तर पुरेसे मानू नये. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचे पाणीही काढून पाहावे.

चार्जिंगची तपासणी लवकर होते. इंजिन थोड्या वेगाने चालू ठेवून, हेडलाइट लावून, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर ठीक आहे. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर नंतर बसवलेले टेप, हॉर्न आणि जीपीएस यांच्या जोडण्या आधी सोडून पाहाव्यात.

गॅरेजला जाताना वही सोबत न्यावी, गाडी शक्यतो ज्या स्थितीत अडते त्याच स्थितीत, म्हणजे रात्रभर थंड किंवा भाडे करून गरम असताना दाखवावी, आणि तक्रार रात्रभर थंड गाडीची असेल तर आदल्या संध्याकाळीच ती गॅरेजमध्ये उभी करून यावी. एका वेळी एकच भाग बदलावा, बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा, आणि कोणत्या तारखेला काय बदलले हे त्याच वहीत लिहावे. बल्बची तार मात्र दुरुस्तीनंतरही एखादा महिना तशीच राहू द्यावी.