अडखळत वाचणाऱ्यांना ऑनलाइन सुरक्षा कशी समजवावी?

कमी शिकलेल्यांसाठी सूचना तयार करताना अक्षरं मोठी केली, दोन-चार चित्रं घातली की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तेवढ्याने भागत नाही.

आधी एकच धोका निवडा आणि तो माणसाला जिथे गाठतो तिथून सुरुवात करा. ‘गोपनीय माहिती सुरक्षित ठेवा’ यातून कुणाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी सांगा: ‘मेसेजमध्ये आकडे आले आणि कुणी फोन करून ते विचारले, तर सांगायचे नाहीत. फोन ठेवायचा.’ वाचता येत नसलं तरी आकडे बहुतेकांना ओळखता येतात. म्हणून ओटीपी हा शब्द नंतर. आधी खऱ्या मेसेजमधल्या आकड्यांवर बोट ठेवून दाखवा. समोरचा ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला तर पुढे काय, तेही सांगा: फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा.

मग हेच त्यांच्या बोलीत, अर्ध्या मिनिटात, ओळखीच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुन्हा पुन्हा ऐकता येतं.

चित्रं जपून वापरा. फोनवर मारलेली लाल फुली एकाला ‘हे करू नका’ वाटते, दुसऱ्याला ‘फोन बिघडलाय’. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्ह तर शिकल्यासवरल्यांनाही चकवत आलंय. कुलूप दिसलं म्हणजे साइट भरवशाची, असं लोक धरून चालतात. खरं तर ते एवढंच सांगतं की फोन आणि साइट यांच्यातला मजकूर मधे कुणाला वाचता येत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप दिसू शकतं. याच गैरसमजामुळे गूगलने २०२३ मध्ये क्रोममधलं ते चिन्ह बदललं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. ‘समजलं ना?’ असं विचारू नका, संकोचापोटी माणूस हो म्हणतो. तुम्हीच फसवणारे व्हा: ‘काकू, तुमचं खातं बंद होतंय, आकडे सांगा लवकर!’ त्या काय करतात ते पाहा. अडखळल्या तर चूक तुमच्या सांगण्यात आहे; वाक्य बदला, पुन्हा करून बघा. दवाखान्यांतही औषध कसं घ्यायचं ते रुग्णाकडूनच वदवून घेण्याची पद्धत आहे.

आणि आकडे सांगून बसलेल्या माणसाला कधीही रागावू नका. ‘काही झालं तर आधी मला सांगा, मी ओरडणार नाही’ हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. लाजेने गप्प राहिलेल्या माणसाचा वेळ जातो, आणि बँकेला जितक्या लवकर कळेल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.