ग्लुटेन-फ्री केक मिक्स: पाकीट उलटून वाचा

गव्हाचं वावडं असलेल्या लेकरासाठी तालुक्याहून चॉकलेट केक मिक्स आणताना ‘एगलेस’ किंवा ‘मैदा नाही’ एवढ्यावर जाऊ नका. त्यात कणीक, रवा असू शकतो.

१. ‘ग्लुटेन-फ्री’ स्पष्ट छापलेलं हवं. ग्लुटेन म्हणजे गहू, जव यांतलं प्रथिन. त्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेन. सुटं मिक्स नकोच.
२. घटकांत माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दिसला तर पाकीट परत ठेवा. तो बहुधा जवाचा असतो.
३. अ‍ॅलर्जीची ओळ दर नव्या पाकिटावर वाचा. मैद्याऐवजी बऱ्याचदा बदामाचं किंवा सोयाचं पीठ असतं, आणि एखाद्याला नेमकं तेच बाधतं.

मिक्स कमी पडलं म्हणून गावच्या चक्कीवरचं ज्वारीचं पीठ मिसळू नका. आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचं दगडाला चिकटलेलं पीठ त्यात उतरतं.