तालुक्याचा ‘उत्तम फुटबॉल प्रशिक्षक’ कसा निवडावा

लीग जिंकलेल्या संघाच्याच प्रशिक्षकाला हार घालायचा असेल, तर वेगळ्या पुरस्काराची गरज नाही. चषक त्याच्याकडे असतोच. आर्मांदो कुलासो यांनी गोव्याच्या धेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि २०२४ च्या द्रोणाचार्य पुरस्कारांत त्यांचा जीवनगौरव झाला. एवढे मोठे काम दिल्लीलाही दिसते. गोव्यातल्या पेडणे, डिचोली किंवा सत्तरी तालुक्यात गावच्या मैदानावर मुले घडवणारा माणूस मात्र तालुक्यानेच हेरायला हवा.

नियम हंगामाच्या आधी, पाऊस ओसरण्यापूर्वीच लिहून सगळ्या क्लबांना द्या. निकाल लागल्यावर ठरवलेला प्रत्येक निकष कुणासाठी तरी बेतलेला वाटतो. वरिष्ठ संघांचे आणि लहान मुलांचे प्रशिक्षक एकाच यादीत घालू नका, कारण मुलांच्या प्रशिक्षकाचे काम गुणतक्त्यावर दिसत नाही. अर्ज एक पानाचा पुरे: गेल्या वर्षीचे आणि यंदाचे स्थान, ज्युनियरमधून वरच्या संघात गेलेले खेळाडू, पिवळी-लाल कार्डे, प्रशिक्षणाच्या लायसन्सची प्रत. हे आकडे मॅचशीटवरून आयोजकांनीच भरावेत.

मतदानासाठी फिफाच्या ‘द बेस्ट’ पुरस्कारांची पद्धत उपयोगी पडते. तिथे कर्णधार, प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहते या चार गटांना प्रत्येकी २५ टक्के वजन असते. पहिल्या पसंतीला ५, दुसरीला ३, तिसरीला १ गुण. तालुक्यात आम्ही प्रशिक्षकांना २५, कर्णधारांना २५, पाच जणांच्या निवड समितीला ४० आणि प्रेक्षकांना १० टक्के सुचवू. गुण थेट बेरजेत घेऊ नका. समजा १२ प्रशिक्षकांनी मते दिली. एका मतपत्रिकेचे ९, म्हणजे एकूण १०८ गुण. त्यांतले २७ एकाला मिळाले, तर त्याचा वाटा २५ टक्के, आणि २५ पैकी ६.२५ गुण त्याच्या खात्यात. समितीच्या ४५ पैकी १८ मिळाले तर वाटा ४० टक्के, म्हणजे ४० पैकी १६. असे न करता प्रेक्षकांची सहाशे मते थेट मिळवली, तर ज्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मोठा तो गाव जिंकतो.

प्रशिक्षकाने स्वतःला आणि कर्णधाराने आपल्या प्रशिक्षकाला मत द्यायचे नाही. यात प्रत्येक उमेदवाराची दोनच मते जातात, स्वतःचे आणि आपल्या कर्णधाराचे, म्हणून ते समान ठरते. समितीत मात्र एखाद्या सदस्याचा क्लब शर्यतीत असेल, तर नुसते त्याला बाजूला बसवल्याने त्या क्लबच्या उमेदवारावर अन्याय होतो: त्याला मते मिळवायला चारच माणसे उरतात. म्हणून सहावा राखीव सदस्य नेमा आणि त्यालाही सगळे अर्ज वाचायला लावा.

समितीने प्रत्येक उमेदवाराचा सराव न कळवता दोनदा पाहावा. सगळ्यांत जास्त तिथेच कळते. एकच मूल निवडा, घड्याळ लावा आणि दहा मिनिटांत त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागतो ते वहीत रेघा मारून मोजा. रांगेत ताटकळणाऱ्या मुलाच्या रेघा कमी पडतात. चार विरुद्ध चारच्या छोट्या खेळात त्या भराभर वाढतात. बारा वर्षांखालच्या मुलांना चार नंबरचा चेंडू आहे का, प्रथमोपचार पेटी मैदानावर आहे का, मुलाची चूक झाल्यावर प्रशिक्षक काय बोलतो, हेही टिपा. जुलैत मैदान पाण्याखाली असताना तो मुलांकडून काय करून घेतो, हे पालकांना विचारा. मुलांशी वागणुकीबद्दल तक्रार असेल तर तिची चौकशी होईपर्यंत नाव यादीतून बाजूला ठेवा, मग तो कितीही लाडका असो.

बरोबरी झाली तर काय, हेही आधीच लिहा. २०२३ च्या फिफा पुरस्कारात मेस्सी आणि हालंड दोघांचे ४८ गुण झाले. कर्णधारांची पहिली पसंती जास्त म्हणून मेस्सी जिंकला. तालुक्यात समितीची पहिली पसंती धरा. कुणी कुणाला मत दिले हे फिफा जाहीर करते. गावात रोज एकमेकांची तोंडे पाहायची असतात, तेव्हा गटवार बेरीजच फलकावर लावा.

समारंभ मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. शिगम्यात आणि चवथीत माणसे मिळत नाहीत, जूनमध्ये पाऊस. मानचिन्ह लहान चालेल. उरलेल्या पैशांतून विजेत्याच्या पुढच्या लायसन्स कोर्सची फी भरा आणि त्याच्या मुलांना दहा चेंडू द्या.