आधी थांबायला शिकावे : ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डेची सुरक्षित सुरुवात कशी करावी

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि जालना, छत्रपती संभाजीनगर भागातल्या गाडीवाल्यांना नजर पोहोचेल तिथपर्यंत सरळ जाणारा, खड्डे नसलेला रस्ता दाराशी मिळाला. अशा रस्त्यावर ‘गाडी किती पळते ते एकदा बघू’ असे मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्या इच्छेला मी नावे ठेवणार नाही, कारण ती मलाही होती. मात्र तेथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी सरळ रस्त्यावर एक्सलरेटर दाबून धरायला कौशल्य फारसे लागत नाही. ते लागते थांबताना आणि वळताना, आणि ते शिकायचे तर जेथे समोरून कोणी येणार नाही अशी जागा हवी. ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डे हे त्यासाठीच आहेत.

सुरुवात कोठून करावी

ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर केशरी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी सहसा एकच गाडी सोडतात आणि घड्याळावर तिची वेळ मोजतात. भारतात हा प्रकार बहुधा मातीवर किंवा मुरमावर होतो. वेग बेताचा असतो, पण वळणे इतकी पाठोपाठ येतात की एका मिनिटाच्या फेरीत हात, पाय आणि डोळे यांना क्षणाची उसंत मिळत नाही. ट्रॅक डेला बांधीव सर्किटवर, म्हणजे शर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त रस्त्यावर, आपलीच गाडी ठरावीक वेळाच्या सत्रांत चालवायची असते. त्या वेळी इतर गाड्याही ट्रॅकवर असतात, पण ती शर्यत नसते.

नवख्याने आधी ऑटोक्रॉस करावा, निदान तीन-चार वेळा, आणि मगच सर्किटचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. मैदानावर चुकलात तर शंकू पडतो आणि वेळेत दंडाचे सेकंद मिळतात. सर्किटवर हीच चूक दुप्पट वेगाने होते. शिवाय आपल्यासाठी अंतराचाही प्रश्न आहे. मराठवाड्यात कायमस्वरूपी सर्किट नाही. कोइम्बतूरचे कारी मोटर स्पीडवे सुमारे 2.1 किलोमीटरचे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट सुमारे 3.7 किलोमीटरचे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट 5 किलोमीटरहून थोडे मोठे, आणि तिन्ही आपल्यापासून हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून दूर. ज्या गाडीने दिवसभर ट्रॅकवर ब्रेक तापवायचे, तीच गाडी परतीला लातूर-नांदेडपर्यंत आणायची असते, हे विसरून चालत नाही.

संयोजक पारखून घ्यावा

देशातील मोटार क्रीडेची अधिकृत संस्था फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजेच एफएमएससीआय ही आहे. तिच्या स्पर्धेत उतरायचे असल्यास तिचा परवाना लागतो. नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी संयोजकांना काही प्रश्न स्पष्ट विचारावेत: स्पर्धेला मान्यता आहे का, पोलिसांची व जागामालकाची परवानगी आहे का, रुग्णवाहिका दिवसभर जागेवर थांबणार का, अग्निशामक नळकांडी व प्रशिक्षित मार्शल, म्हणजे मार्गावर सुरक्षेची देखरेख करणारी माणसे, किती आहेत. उत्तरे मोघम मिळाली तर पैसे भरू नयेत.

सर्वांत बारकाईने पाहावे ते प्रेक्षकांकडे. आपल्याकडे शंकरपटाला धावपट्टीच्या दोन्ही अंगांना माणसांची दाटी होते आणि जोडी अंगावरून गेल्यासारखी वाटावी इतक्या जवळ लोक उभे राहतात. तीच सवय ऑटोक्रॉसच्या मैदानावरही येते. घसरलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते, आणि नेमकी तीच जागा बघ्यांना आवडते. वळणाच्या बाहेर दोरीच्या आत माणसे उभी असतील तर आपली पाळी आली तरी गाडी हलवू नये. मार्शलला बोलावून ती माणसे मागे हटवायला सांगावे आणि ती हटेपर्यंत थांबावे.

विम्याचे कागदही काढून वाचावेत. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी व तत्सम वापर वगळलेला असतो, त्यामुळे मैदानावर झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरावे लागेल असे धरूनच चालावे. ज्या गाडीचे हप्ते अजून फिटायचे आहेत आणि जिच्याशिवाय सोमवारी कामावर जाता येणार नाही, ती गाडी या कामी आणण्यापूर्वी घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे.

गाडीची तयारी

पहिल्या वर्षी इंजिनावर एक रुपयाही खर्च करू नये. साधी हॅचबॅक पुरेशी आहे. उंच गाड्या उलटण्याचा धोका असल्याने त्यांना अनेक ठिकाणी प्रवेशच मिळत नाही, आणि सीएनजी बसवलेली गाडी असेल तर संयोजकांना आधीच विचारावे. पैसे खर्च करायचे ते ब्रेक आणि टायर यांवर.

ब्रेकविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण हा धडा मला महागात शिकावा लागला. दक्षिणेतल्या एका सर्किटवरच्या माझ्या पहिल्या ट्रॅक डेला पहिल्या चार फेऱ्या छान गेल्या. पाचव्या फेरीत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल ओल्या कापसात पाय रुतावा तसे खाली गेले. घाईने दोन-तीनदा पंप केल्यावर थोडे बळ आले, गाडी वळणाबाहेरच्या खडीत शिरली आणि तेथे थांबली. मला काही झाले नाही. गाडीचे सर्व्हिसिंग महिन्यापूर्वीच झाले होते, पण ब्रेक ऑइल कधी बदलले हे मी कधी पाहिलेच नव्हते. ते तीन वर्षांचे जुने निघाले.

यामागचे कारण साधे आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. ब्रेक ऑइलच्या डॉट 3, डॉट 4 अशा प्रती असतात. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावर त्याच ऑइलसाठी हे प्रमाण 155 अंशांवर येते. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. ट्रॅकवर फेरीमागून फेरी जोराचे ब्रेक लावले की ऑइल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्यावे, गाडीला चालत असेल तर डॉट 4 घालावे, आणि मिस्त्री नळ्यांमधली हवा काढत असताना स्वतः शेजारी उभे राहावे. ब्रेक पॅड अर्ध्याहून अधिक झिजले असतील तर नवे बसवावेत, आणि नवे पॅड आधी रस्त्यावर वापरून डिस्कवर नीट बसल्याशिवाय मैदानावर जाऊ नये.

टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते; 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. फार जुना, कडक झालेला किंवा बाजूला चीर गेलेला टायर नक्षी शाबूत असली तरी नाकारावा. मुरमाचे टोकदार खडे टायरच्या बाजू कापतात, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर चारही टायरांवरून हात फिरवून पाहावा. हवा गार टायरमध्ये, कंपनीने दारावरील स्टिकरवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळावेत.

मग गाडी रिकामी करावी. पायाखालची मॅट, बाटल्या, डॅशबोर्डवरची मूर्ती, डिकीतला जॅक आणि पाने, सगळे बाहेर काढावे, आणि बॅटरी हाताने हलवून ती घट्ट आहे ना हे पाहावे. पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत ब्रेकच्या पेडलमागे अडकली तर काय होईल, याची कल्पना केलेली पुरे.

स्वतःची तयारी

हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारे, डोक्याला घट्ट बसणारे आणि एकदाही न आपटलेले असावे. मोटारसायकलच्या आणि मोटारीच्या हेल्मेटमध्ये फरक असतो. स्नेल ही हेल्मेट तपासणारी संस्था आहे; तिच्या मोटार शर्यतीच्या स्नेल एसए मानकात आतले अस्तर आगीला टिकते का हेही तपासतात, मोटारसायकलच्या स्नेल एम मानकात ते तपासत नाहीत. कोणते चालेल हे संयोजकांना विचारून घ्यावे. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घालावेत, कारण कृत्रिम धागा आगीत वितळून कातडीला चिकटतो. बूट पातळ तळव्याचे असावेत, चप्पल कधीही नाही.

आपल्या भागात ऋतूचाही विचार करावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना बंद गाडीत हेल्मेट घालून बसलेल्या माणसाचे भान तासाभरात कमी होते आणि त्याला ते कळतही नाही. तेव्हा जायचेच असेल तर पाणी, मीठ-साखर आणि सावली यांची सोय करूनच जावे.

मार्ग पायी चालावा

गाडी सुरू करण्यापूर्वी सगळा मार्ग किमान दोनदा पायी चालावा, शक्य असल्यास तीनदा. पहिल्या वेळी फक्त वळणांचा क्रम पाठ करावा. दुसऱ्या वेळी ब्रेक कोठे लावायचा हे ठरवून खुणा धराव्यात: एखादे बाभळीचे झाड, विजेचा खांब, मुरमाचा रंग बदलतो ती जागा. त्याच वेळी वळणांच्या बाहेर काय आहे हेही पाहावे. मैदान मुरमाचे असले तरी त्याच्या कडेला बहुधा काळे रान असते, आणि नांगरलेल्या किंवा ओल्या काळ्या मातीत आडवी घसरत गेलेली गाडी चाके रुतून उलटू शकते. अशी कड जेथे जवळ असेल, तेथे पहिल्या फेरीत वेग निम्माच ठेवावा.

चालवताना

बसण्याची जागा आधी नीट करावी. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकले पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत.

नवखा माणूस बॉनेटपुढच्या शंकूकडे पाहतो आणि गाडी त्या शंकूवरच जाते. नजर नेहमी पुढच्या वळणावर, गाडी जेथे न्यायची तेथे असावी. मान वळवून बाजूच्या खिडकीतून पाहावे लागले तरी पाहावे. ही एक सवय लागली की निम्मे काम झाले.

ब्रेक सरळ रेषेत, वळण सुरू होण्यापूर्वी लावावा. टायरची पकड मर्यादित असते आणि तीच ब्रेक व वळण या दोघांत वाटली जाते. दोन्ही एकदम पूर्ण मागितले तर एकही मिळत नाही. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हेही पक्के लक्षात असावे. चांगल्या कोरड्या डांबरावर ताशी 60 किलोमीटरला ब्रेक लागल्यापासून सुमारे 18 मीटर लागतात, तर 120 ला 70 मीटरच्या वर. सुट्या मुरमावर ही अंतरे आणखी वाढतात, आणि एबीएस असलेली गाडी तेथे डांबरापेक्षा उशिरा थांबते.

पुढची चाके ओढणाऱ्या आपल्या बहुतेक गाड्या वेग जास्त झाला की न वळता सरळ निघून जातात. त्या वेळी हात आपोआप स्टीअरिंग आणखी फिरवतो, आणि त्याने घसरणे वाढतेच. एक्सलरेटर हळूच सैल करावा, स्टीअरिंग किंचित सरळ करावे आणि टायरने पुन्हा पकड घेईपर्यंत थांबावे. वळणाच्या मध्यावर घाबरून एक्सलरेटर झटकन सोडला किंवा ब्रेक दाबला तर मात्र मागची बाजू बाहेर फेकली जाते. तेव्हा जेथे जायचे तेथे पाहत स्टीअरिंग त्या बाजूला वळवावे. गाडी पूर्ण फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून ती थांबेपर्यंत धरून ठेवावेत.

सर्किटवर गेल्यावर

झेंडे पाठ नसतील तर ट्रॅकवर उतरू नये. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करावा, कोणालाही ओलांडू नये. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, परतावे. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा आहे. काळा म्हणजे आपल्याला पिटमध्ये बोलावले आहे. आणि काळ्यावर केशरी वर्तुळ म्हणजे आपल्या गाडीत बिघाड दिसतो आहे. ओलांडणे फक्त संयोजकांनी ठरवलेल्या सरळ पट्ट्यांवर आणि पुढच्याने इशारा दिल्यावरच करावे. पहिल्या दिवशी शेजारी प्रशिक्षक बसवता आला तर त्याचे शुल्क आनंदाने द्यावे.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, सावकाश मारावी, म्हणजे डिस्क वाऱ्याने थंड होतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड डिस्कला चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. पेडल जरा जरी मऊ वाटले, तर तो दिवस तेथेच संपवावा.

परतीच्या वाटेआधी चाकांचे नट पुन्हा आवळावेत, गार झालेल्या टायरची हवा मोजावी, बाहेर काढलेले सामान मोजून परत ठेवावे आणि निदान अर्धा तास सावलीत बसून चहा-पाणी घ्यावे. दिवसभराच्या वेगानंतर ताशी 100 किलोमीटर हाही डोळ्यांना संथ वाटू लागतो, म्हणून पहिले दोन तास शक्यतो दुसऱ्या कोणाला चालवायला द्यावे.