हिवतापाच्या डासांचा बंदोबस्त : आधी पाणी, मग भिंत, शेवटी धूर

हिवताप म्हणजेच मलेरिया पसरवते ती ॲनोफेलीस डासाची मादी, आणि तिला अंडी घालण्यासाठी बहुधा स्वच्छ, संथ पाणी लागते. केवळ गटारावर औषध मारून निश्चिंत होणारी मंडळी बहुतेक वेळा क्युलेक्स या दुसऱ्याच डासाशी लढत असतात. त्यामुळे पहिले काम म्हणजे पाण्याच्या टाक्या, हौद, विहिरी, बांधकामावर साठवलेले पाणी, पाटाच्या कडेची डबकी आणि पावसाने भरलेले खड्डे यांची यादी करणे.

पाणी तपासण्यासाठी पांढऱ्या रंगाचे पसरट भांडे घ्यावे. आपली सावली पाण्यावर पडली की अळ्या तळाशी जातात. म्हणून सावली पडणार नाही अशा बाजूने हळूच जाऊन काठालगतचे पाणी उपसावे. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी ॲनोफेलीसची असते. डोके खाली करून तिरकी लटकलेली अळी क्युलेक्स किंवा एडिस या इतर डासांची समजावी.

उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण डास तयार होण्यास साधारणपणे 7 ते 14 दिवस लागतात. आठवड्यातून एक ठरलेला कोरडा दिवस पाळण्यामागचा हिशेब हाच आहे. त्या दिवशी रिकामी करता येतील तेवढी भांडी व टाक्या रिकाम्या करून, घासून, वाळवून मगच पुन्हा भराव्यात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण असावे आणि हवा जाण्याच्या व जादा पाणी वाहून जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. ही जाळी हमखास राहून जाते आणि झाकण बंद असलेल्या टाकीतही डास होतात. खड्डे बुजवावेत, पाटाच्या कडेचे गवत काढून पाणी वाहते करावे.

जे पाणी काढून टाकता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडता येतात. मात्र नदी-ओढ्यांत ते सोडू नयेत, कारण बाहेरून आलेले मासे तिथल्या मूळच्या जलचरांना त्रासदायक ठरतात. बीटीआय या जिवाणूंपासून बनवलेले अळीनाशकही उपयोगी आहे, परंतु ते अळीच्या पोटात गेले तरच काम करते. कोष, म्हणजे अळी आणि डास यांच्या मधली अवस्था, काही खात नसल्यामुळे त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून ते वेष्टनावरील प्रमाणानुसार ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकावे लागते.

पूर्ण वाढलेल्या डासांचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिवतापाच्या रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. हिवताप घडवणाऱ्या परजीवी सूक्ष्मजंतूची तिच्या शरीरात वाढ होण्यास साधारण 10 दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तेवढे दिवस ती जगलीच नाही, तर साखळी तुटते. घरात राहणाऱ्या कित्येक जातींची मादी रक्त प्यायल्यावर भिंतीवर विसावते, म्हणून प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून भिंतींवर टिकाऊ कीटकनाशक फवारून घेतात. फवारणीनंतर लगेच भिंती सारवल्या किंवा त्यांना चुना दिला, तर सारी मेहनत वाया जाते.

ॲनोफेलीस प्रामुख्याने संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, त्यामुळे कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हे घरातले सर्वांत खात्रीचे साधन होय. नवी मच्छरदाणी वापरण्यापूर्वी दिवसभर सावलीत उघडी ठेवावी आणि झोपताना तिची कड गादीखाली खोचावी. ती सौम्य साबणाने धुऊन सावलीतच वाळवावी. नदीत किंवा तळ्यात मात्र धुऊ नये, कारण तिच्यातील कीटकनाशक माशांना घातक असते. भोक पडल्यास लगेच शिवून घ्यावे.

धूरफवारणी डोळ्यांना दिसते, म्हणून लोकांची मागणी तिचीच असते. तिने त्या वेळी उडणारे डास मरतात, पण पाण्यातल्या अळ्या आणि कोष तसेच राहतात. साथ भडकली असता जोडीला ती करावी, एरवी तिच्यावर विसंबू नये.

घरात कोणाला थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी आणि रुग्णाला मच्छरदाणीतच झोपवावे, म्हणजे नव्या डासांना लागण होत नाही. ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेला औषधोपचार अर्धवट सोडू नये. हिवतापाच्या व्हायवॅक्स नावाच्या प्रकारात परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरून डासांपर्यंत पोहोचू शकतो.